एका अक्षराची चूक, एक चुकलेला डोस

नाशिकच्या गंगापूर रोडवर दवाखाने आणि औषधांची दुकाने आहेत, तसेच अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. डॉक्टर चिठ्ठीवर 'ओडी', 'बीडी', 'टीडीएस' असे लिहितात. म्हणजे औषध दिवसातून एकदा, दोनदा किंवा तीनदा. भलतेच काही लिहिलेले दिसले, तर जाणता औषधविक्रेता आधी डॉक्टरांना विचारतो. संगणक आपणहून विचारत नाही.

समजा, रुग्णाला औषधाची आठवण करून देणारा प्रोग्राम लिहिताना 'टीडीएस'ऐवजी 'टीएसडी' असे टाइप झाले. संगणकाच्या लेखी दोन्ही नुसती अक्षरेच. प्रोग्राम बंद पडत नाही, तक्रारही करत नाही. फक्त एकही अट जुळत नाही आणि आठवण येत नाही.

प्रोग्राम चालवण्यापूर्वीच तो वाचून अशा चुका दाखवणारे साधन म्हणजे टाइप चेकर. साधी तपासणी एवढेच पाहते, की इथे अंक हवा की अक्षरे. त्यात 'टीएसडी' सहज निसटतो. यावर उपाय 'लिटरल टाइप'चा. लिटरल म्हणजे प्रोग्राममध्ये जशीच्या तशी लिहिलेली किंमत. उदाहरणार्थ ५ किंवा 'बीडी'. 'या जागी हे तीनच शब्द चालतील' असे एकदा सांगितले, की चौथा शब्द दिसताच चेकर अडवतो. टाइपस्क्रिप्ट या भाषेत शब्दांसाठी ही सोय २०१६ मध्ये आली, तर पायथॉनमध्ये २०१९ च्या ३.८ आवृत्तीत.

नवशिके इथे एका ठिकाणी गोंधळतात. शब्द बरोबर असूनही चेकर अडवतो. कारण 'बीडी' हा शब्द बदलता येण्याजोग्या व्हेरिएबलमध्ये ठेवला, तर पुढे तिथे दुसरे काहीही येऊ शकते. म्हणून चेकर त्याला नुसती अक्षरे मानतो. 'हे बदलणार नाही' असे टाइपस्क्रिप्टमध्ये 'कॉन्स्ट'ने किंवा पायथॉनमध्ये 'फायनल'ने बजावले, की 'बीडी'ची ओळख कायम राहते.

या तपासणीला मर्यादा आहेत. प्रोग्राम चालू असताना कोणी कीबोर्डवरून चुकीचा शब्द भरला, तर तो पकडायला वेगळी तपासणी लिहावी लागते. आणि 'टीडीएस'च्या जागी 'बीडी' पडले, तर दोन्ही शब्द यादीतले असल्याने चेकरला काहीच खटकत नाही. म्हणून मोबाइलवरची आठवण आणि हातातली चिठ्ठी जुळत नसेल, तर डॉक्टरांना विचारूनच औषध घ्यावे.