मुगावरची भुरी आणि फवाऱ्याचा थेंब

सिंदफणेच्या काठच्या शिरूर कासार तालुक्यात पर्जन्यमानच बेताचे असल्यामुळे बुरशीजन्य रोगांना तेथे फारसा वाव नसावा, असा तर्क कोणीही करील. परंतु मूग-उडदावरची भुरी त्या तर्काला जुमानत नाही. बहुतेक बुरशांच्या बीजाणूंना रुजण्यासाठी पानावर पाण्याचा थर लागतो, भुरीला मात्र हवेतील दमटपणा पुरतो, किंबहुना जोराची सर आली तर तिचे बीजाणू धुऊनच जातात. म्हणूनच श्रावण-भाद्रपदात पावसाने ओढ दिली आणि आभाळ नुसतेच भरून राहिले, की पानांवर पिठासारखे पांढरे ठिपके उमटू लागतात.

यावर पाण्यात मिसळणाऱ्या गंधकाचा उपाय जुना आणि स्वस्त आहे, मात्र भर उन्हाच्या तापात फवारल्यास तेच गंधक पाने करपवते. शिवाय गंधक पानात मुरून पसरणारे नव्हे. जेथे थेंब पडला तेथेच त्याचा अंमल चालतो, आणि सबब सारी मदार थेंबावर येते. थेंबाचा व्यास निम्मा केला, तर तेवढ्याच द्रवाचे आठ थेंब होऊन ते पानाचा दुप्पट पृष्ठभाग व्यापतात. पण थेंब मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून बारीक झाला, की तो पिकावर न बसता वाऱ्यावर शेजाऱ्याच्या शिवारात जातो. द्रवाला गरगर फिरवून पोकळ शंकूच्या आकारात बाहेर सोडणारे नोझल बुरशीनाशकासाठी योग्य ठरते, ते याच कारणाने. असे असता तणनाशकाच्या पसरट नोझलनेच बुरशीनाशकही उरकण्याची, आणि झिजून भोक मोठे झालेले नोझल वर्षानुवर्षे चालवण्याची रीत सर्रास आढळते. हजारांचे औषध आणि काही रुपयांच्या चकतीची काटकसर, हा हिशेब मला तरी उलगडलेला नाही.

पाण्याचाही हिशेब आहे. पाठीवरच्या हातपंपाने हेक्टरी सुमारे ५०० लिटर पाणी लागते, पेट्रोलवरच्या पंपाला त्याच्या निम्म्याहूनही कमी; औषधाची मात्रा क्षेत्रावर ठरलेली असल्याने टाकीगणिक प्रमाण पंप पाहूनच बदलावे लागते.

आणि तूर? तिची मर जमिनीतून मुळावाटे खोडात शिरते. खोड उभे चिरले की आत काळपट रेघा दिसतात, तेथवर वरून मारलेला फवारा पोहोचत नाही. वांझ रोग आणि मुगाचा पिवळा मोझॅक तर विषाणूंचे, अनुक्रमे कोळी आणि पांढरी माशी यांनी पसरवलेले. त्यांच्यावर बुरशीनाशक मारणे हा निव्वळ अपव्यय होय. मरीची तजवीज पेरणीपूर्वीच करायची असते: ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया, पिकाची फेरपालट, आणि बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राच्या बीडीएन ७११ सारखे सहनशील वाण.