दाबून न मिटणारी शीर

डॉपलर सोनोग्राफीच्या खोलीत दिवसभर चालतं ते काम वरवर फार साधं दिसतं. शीर दाबायची आणि ती मिटते का, ते बघायचं. जांघेत गार जेल लागतं, चपट्या तोंडाचा प्रोब आडवा टेकतो आणि पडद्यावर दोन काळी वर्तुळं उमटतात. एक धमनी, दुसरी नीला, म्हणजे शीर. रेडिओलॉजिस्ट मॅडम प्रोबवर जोर देतात. नीला पूर्ण मिटते, धमनी जवळजवळ तशीच राहते. मग प्रोब एखाद-दोन सेंटिमीटर खाली, पुन्हा दाब. मांडीवरून गुडघ्यामागच्या खळग्यात, तिथून पोटरीत. मधूनच त्या डाव्या हाताने पोटरी पिळतात, तशी वरच्या नळीत रंगाची लाट उसळते. रक्ताची वाट मोकळी आहे.

पुण्यातल्या एका रुग्णालयात, ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ या पाटीखालच्या स्टुलावर बसून मी हे पाहत होतो. येणारे बहुतेक ओळखीच्या कारणांचे. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजी, महिनाभर प्लास्टरमध्ये असलेला मोटारसायकलवाला. पाय हलला नाही, रक्त साचलं, गुठळी झाली, हे कुणालाही पटतं.

पण एक कॉलेजातला मुलगा आला, तो या हिशेबात बसेना. त्याचा अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा दाह, उफाळला होता. दिवसातून अनेकदा जुलाब, त्यात रक्त. ऑपरेशन नाही, लांबचा प्रवास नाही. उलट संडासाच्या खेपांनी बिचाऱ्याला बसायला उसंत नव्हती. डावी पोटरी मात्र टणक, गरम, उजवीपेक्षा उघड जाड. गुडघ्यामागे प्रोब टेकवला, मॅडमनी दाबलं, आणि वर्तुळ मिटलंच नाही. शीर शेजारच्या धमनीपेक्षा फुगलेली, आत मळकट करडा ऐवज. मॅडमचा हात लगेच हलका झाला. ताजी गुठळी एकदा दिसली की तिच्यावर जोर करायचा नसतो. तुकडा सुटून फुप्फुसात जाण्याची धास्ती असते.

आईने विचारलं, “मॅडम, ह्याचं तर रक्त जातंय. मग आत गोठतंय कसं?”

मला वाटतं, हा त्या खोलीतला सगळ्यात चांगला प्रश्न होता.

गुठळीची कारणं शिकवताना आजही रुडॉल्फ फिर्खोचं नाव घेतात. या जर्मन डॉक्टरचं गुठळ्यांवरचं मोठं लेखन १८५६ सालचं. मंदावलेला प्रवाह, बिघडलेली भिंत, गोठण्याकडे झुकलेलं रक्त ही त्रयी त्याच्या नावावर पुढे रूढ झाली. आपल्या डोक्यात त्यातला मंद प्रवाहच पक्का बसलाय. पण निव्वळ मंदावलेलं रक्त निरोगी शिरेत सहसा गोठत नाही. ठिणगी अनेकदा दाहाची असते.

पायाच्या खोल शिरांना झडपा असतात आणि झडपेच्या पाकळीमागे एक खिसा. तिथे रक्त घुटमळतं, प्राणवायू कमी पडतो. शिरेचं अस्तर एरवी गुळगुळीत आणि गोठणं रोखणारं. ते इथे बिथरतं. पृष्ठभागावर पी-सिलेक्टिन नावाचं प्रथिन येतं आणि वाहत्या पांढऱ्या पेशी त्याला अडकतात. त्यांतल्या मोनोसाइट पेशी टिश्यू फॅक्टर पुढे करतात. हा एरवी रक्तापासून दूर, जखमेसाठी राखलेला घटक. त्याने थ्रॉम्बिन तयार होतं, थ्रॉम्बिनने फायब्रिनचे धागे. जखम कुठेच नाही आणि जखम बुजवण्याचं काम जोरात सुरू.

न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा प्रताप तर २००४ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी दाखवला. जंतू दिसला की या पेशी स्वतःचा डीएनए कोळ्याच्या जाळ्यासारखा बाहेर फेकतात आणि त्यात जंतूला अडकवतात. पुढे कळलं की त्याच जाळ्यांवर प्लेटलेट आणि फायब्रिनही चढतात. २०१२ मध्ये म्युनिकच्या गटाने उंदरांच्या शिरेतला प्रवाह नुसता आवळला. भिंतीला पांढऱ्या पेशी चिकटल्या आणि गुठळी वाढली. न्यूट्रोफिल काढून टाकले किंवा डीएनएची जाळी विरघळवली, की उंदीर बऱ्याच अंशी बचावत.

म्हणजे त्या मुलाचं आतडं पेटलेलं होतं, पण धग आतड्यापुरती राहिली नव्हती. दाहाचे संदेश रक्तातून सगळीकडे जातात; यकृत फायब्रिनोजेन, म्हणजे फायब्रिनचा कच्चा माल, जास्त बनवतं, अस्तर ठिकठिकाणी चिथावलं जातं. आतड्याच्या अशा आजारात शिरेतल्या गुठळीचा धोका एरवीच्या दुप्पट-तिप्पट असतो, आजार उफाळला की त्याहून जास्त. डी-डायमर ही रक्ताची तपासणी इथे फारशी कामाची नाही, कारण दाहातही तो आकडा चढतो. शेवटी शीर दाबूनच बघावी लागते.

मग दाह कमी करणारी गोळी द्यावी की! इतकं सरळ नाही. दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी गुठळीच्या औषधासोबत घेतली तर रक्तस्राव वाढतो. स्टिरॉइडने आतडं शांत होतं, पण स्टिरॉइड घेणाऱ्यांमध्येही गुठळीचा धोका वाढलेला आढळतो. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन औषधांपैकी रोसुवास्टॅटिनच्या एका मोठ्या चाचणीत १७,८०२ माणसं होती; खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ६० जणांना शिरेतल्या गुठळ्या झाल्या, खरी घेणाऱ्यांपैकी ३४ जणांना. दाह कमी झाल्याचा हा परिणाम, असं म्हणायचा मोह होतो. पण गुठळीवर नेहमीचा इलाज म्हणून स्टॅटिन अजून कुणी लिहून देत नाही.

त्या मुलाला गोठणं रोखणारं हेपरिनच सुरू झालं, संडासातून रक्त जात असतानाच. आईचा चेहरा बघून वॉर्डातल्या डॉक्टरांनी दोनदा समजावलं: रक्तस्राव जिवावरचा नाही, गुठळी वर सरकली तर ती जिवावर बेतेल, हिमोग्लोबिन रोज बघू. पोटाच्या डॉक्टरांनी कोलायटिसचं औषधही वाढवलं.

“किती दिवस घ्यायचं हे?” आईने विचारलं.

निदान तीन महिने, असं उत्तर आलं. त्यापुढे थांबवायचं की नाही, हे पायाची शीर बघून तर ठरवूच, पण आधी आतडं किती शांत झालंय ते बघू.