इंटरनेटवरील कार्यक्रम तबकडीवर

आकाशवाणीच्या अनेक केंद्रांचे कार्यक्रम आता इंटरनेटवरूनही ऐकता येतात. मात्र हा ध्वनिप्रवाह संगणकात क्षणभरच साठतो व वाजून होताच नाहीसा होतो. ज्या शाळेत इंटरनेट भरवशाचे नाही, तेथे वर्गात ऐकवावयाचा कार्यक्रम अन्यत्र आधीच मुद्रित करून आणणे श्रेयस्कर.

‘ऑडॅसिटी’ हा विनामूल्य प्रोग्राम यासाठी उपयोगी पडतो. त्यात मायक्रोफोनऐवजी संगणकातून वाजणारा ध्वनीच मुद्रणासाठी निवडावा, म्हणजे खोलीतील गलका त्यात येत नाही. प्रवाह मध्येच तुटल्यास तेवढी शांतताही मुद्रित होते; म्हणून सर्व मुद्रण एकदा ऐकून घ्यावे. सीडी-आर तबकडीवर एकदा लिहिलेले पुसता येत नाही.

खरी गफलत होते ती तबकडी तयार करताना. एमपी३ फाइली तशाच उतरवल्या, तर संगणक त्या वाचतो. शाळेतील जुना सीडी-प्लेअर बहुधा मुकाच राहतो. त्याला ‘ऑडिओ सीडी’च लागते. तीत दर सेकंदास प्रत्येक बाजूचे ४४,१०० ध्वनिनमुने असल्याने ७०० मेगाबाइटच्या तबकडीवर अवघी ८० मिनिटे मावतात. उलट, १२८ किलोबिटच्या एमपी३ फाइली तेवढ्याच जागेत १२ तासांहून अधिक बसतात. पण मूळ प्रवाहात जो ध्वनी गळला, तो ऑडिओ सीडी केल्याने परत येत नाही.

प्रती वाटावयाच्या असल्यास हक्कधारकांची अनुमती घ्यावी. तबकडीतील रंगद्रव्याचा थर उन्हाने बिघडतो. यास्तव मूळ फाइल संगणकातही जपून ठेवावी.