छर्रा डावीकडेच का जातो?

रविवार, दुपारचे साडेतीन. गॅलरीचं दार लावून घेतलंय, पंखाही बंद केलाय. क्रांती चौकातल्या घरात शांतता अशी मिळत नाहीच. उड्डाणपुलावरून गाड्या धडधडत जाताहेत, खाली रिक्षावाल्यांचे हॉर्न चालू आहेत. आणि अण्णांना ऐकायचाय खिळ्यांचा आवाज.

बैठकीत सतरंजीवर बॅगाटेलचा बोर्ड मांडलाय. सकाळी जाफर गेटच्या आठवडी बाजारात, जुन्या कुलपांच्या आणि मिक्सरच्या भांड्यांच्या ढिगामागे उभा करून ठेवलेला दिसला. साडेचारशे सांगितले, तीनशेला जमलं. लांबी तीन फुटांना जरा कमी, वरची बाजू कमानदार, हिरव्या रंगाचे पोपडे निघालेले. खिळ्यांच्या कुंपणांत पिवळ्या रंगात आकडे: 50, 100, 500. खालच्या उजव्या कोपऱ्यात स्प्रिंगचा दट्ट्या. छर्रे हरवलेले, म्हणून विकणाऱ्याने आठ काचेच्या गोट्या दिल्या. त्या खिळ्यांत अडकून बसतात, शिवाय वजनालाही हलक्या.

"आजोबा, मी मारू?" चौथीतली माझी लेक केव्हाची दट्ट्याला हात घालायला बघतेय.

"थांब बाळा. आधी बघायचं, मग खेळायचं."

अण्णा एसटीच्या चिकलठाण्याच्या कार्यशाळेतून फिटर म्हणून निवृत्त झालेत. ते मांडी घालून बसतात, कान बोर्डाजवळ नेतात आणि मधल्या बोटाच्या नखाने एकेका खिळ्याला टिचकी मारत जातात. टिंग. टिंग. टिंग. ठप. तिथे खडूची खूण. पुन्हा टिंग, टिंग. पक्का बसलेला खिळा वाजतो. ज्याचं भोक सैल झालंय तो मुका राहतो. असे अकरा निघतात. छर्रा सैल खिळ्यावर आदळला की उसळत नाही, तिथेच मान टाकतो, आणि या खेळात उसळी गेली म्हणजे सगळंच गेलं. अण्णा पक्कडीने खिळा उपसतात, भोकात फेव्हिकॉलमध्ये बुडवलेली काडेपेटीची काडी खुपसून मोडतात आणि खिळा पुन्हा ठोकतात. हातोडीचे तीनच ठोके, तेही हलके. चौथ्याला जुनं प्लायवुड फाटतं.

मग दट्ट्या. लेकीला अखेर परवानगी मिळते. अण्णांच्या बिस्किटाच्या डब्यातला, बेअरिंगमधून काढलेला चकचकीत छर्रा ती गल्लीत ठेवते, दट्ट्या पूर्ण ओढते, सोडते. छर्रा कमानीपर्यंत पोचतच नाही, अर्ध्यातून परत येतो. "स्प्रिंग दमलीय," अण्णा म्हणतात. दांडा बाहेर काढतात, गंज रेतीकागदाने घासतात, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडतात आणि स्प्रिंगच्या मागे दोन वायसर घालतात. स्प्रिंग आता आधीपासूनच थोडी दाबलेली राहते. पुढचा छर्रा कमान चाटून थेट पलीकडे जातो.

"पण याला बटणं कुठेत? मोबाइलमध्ये तर बॉल खाली आला की बटणाने वर मारता येतो."

तिचा प्रश्न रास्त आहे. मी तिला सांगते की तिच्या मोबाइलमधल्या पिनबॉलची ही पणजी आहे. पूर्वी बॅगाटेलमध्ये चेंडू काठीने ढकलत. अमेरिकेतल्या सिनसिनाटीत माँटेग्यू रेडग्रेव्ह या कारागिराने 1871 मध्ये स्प्रिंगच्या दट्ट्याचं पेटंट घेतलं. चेंडू परत उडवणारे ते पंख आले 1947 मध्ये, गॉटलिब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' यंत्रात. तोवर एकदा दट्ट्या सोडला की फार तर यंत्राला हलकासा धक्का द्यायचा आणि बघत बसायचं.

तिकडे अण्णांच्या कपाळाला आठी पडलीय. सलग सहा छर्रे डावीकडे गेलेत. ते एक छर्रा बोर्डाच्या मधोमध अलगद सोडतात. उताराने खाली येता येता तो डावीकडे वळतो. दोष फरशीचा की बोर्डाचा? अण्णा बोर्ड उचलून पूर्ण उलट्या दिशेला तोंड करून त्याच जागी ठेवतात. फरशीला ढाळ असता तर छर्रा आता उजवीकडे गेला असता. तो पुन्हा बोर्डाच्या डावीकडेच जातो. बोर्ड पालथा केल्यावर कळतं: डाव्या पायाचं रबर गायब आहे. सायकलच्या ट्यूबचा तुकडा दुमडून चिकटवला जातो.

पुन्हा छर्रा मधोमध. या वेळी सरळ खाली.

आता अण्णा स्वतः दट्ट्या धरतात. "पाचशेच्या घरात," असं आधी सांगतात. बोटभर ओढतात, सोडतात. छर्रा कमानीवरून वळतो, दोन खिळ्यांना टिंग टिंग करत घरात बसतो. लेक किंचाळते. मला 1976 सालचं न्यूयॉर्क आठवतं. निव्वळ नशिबाचा जुगार म्हणून 1942 पासून तिथे पिनबॉलवर बंदी होती. रॉजर शार्प नावाचा पत्रकार नगर परिषदेसमोर खेळला, दट्ट्या ओढण्याआधी चेंडू कुठल्या वाटेने जाईल ते सांगितलं आणि तो तसाच गेला. बंदी उठली. हाताला अंदाज असतो, हे त्याला दाखवायचं होतं. माझ्या समोर बसलेल्या माणसाच्या हाताला तो चाळीस वर्षांच्या पाना-पक्कडीने आलाय.

शेवटची चाचणी वीस छर्र्यांची. मी वहीत मांडतेय: डावीकडे नऊ, उजवीकडे अकरा.

"बोर्ड खरा आहे," अण्णा म्हणतात आणि दट्ट्या नातीच्या हातात देतात.

जुना बोर्ड घ्यायला जाल तेव्हा खिशात एक छर्रा असू द्या, आणि पैसे देण्याआधी बोर्ड दोन्ही दिशांना फिरवून बघा.