विशीतला सोबती

वीस वर्षांचा मुलगा गप्प गप्प राहू लागला, की घरात म्हणतात, "याचं काही खरं नाही!"

१९१६ च्या मार्चमध्ये असाच एक विनायक भावे बडोद्याहून इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाला, अन् सुरतेलाच उतरून काशीला गेला. बरोबर दोन मित्र होते. त्यांपैकी बेडेकर काशीतच वारला. त्याला अग्नी विनायकाने दिला.

७ जूनला विनायक अहमदाबादच्या कोचरब आश्रमात गांधीजींना भेटला आणि त्याला जन्माचे काम सापडले. हेच आपले विनोबा. बडोद्याचे काही मित्रही पुढे आश्रमात आले.

जगायचे कशासाठी, याचे उत्तर मिळेपर्यंत तरुणाला सावरतो तो सोबतीच. तेव्हा गुरुजनहो, मुलगा अस्वस्थ दिसला तर रागावू नका. त्याला मित्र कोण, एवढे आधी पाहा.