सावित्रीच्या संगतीने : महाबळेश्वर ते बाणकोट

नकाशात सावित्री नदी चटकन सापडत नाही. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगम एकत्र दाखवतात. त्यांपैकी कृष्णा पूर्वेकडे वळते व सुमारे १,४०० किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री मात्र पश्चिमेच्या कड्यावरून खाली झेप घेते आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरांतच अरबी समुद्र गाठते. म्हणजे एकाच गावच्या पावसाचा एक थेंब आंध्रात जातो व दुसरा बाणकोटच्या खाडीत! कृष्णेवर आपण शाळेपासून धडे वाचत आलो. परंतु घाट, किल्ला आणि बंदर या तिन्हींचे नाते समजून घ्यायचे असेल तर ही आखूड नदीच अधिक शिकवते, असे माझे मत आहे.

गेल्या डिसेंबरात मी तिच्या उगमापासून मुखापर्यंत चार दिवसांचा प्रवास केला, तोही सर्वस्वी एस.टी.ने. मार्च २०२३ पासून स्त्रियांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे, तेव्हा खर्चाचा प्रश्न सुटला होता. एकटीने जाण्यास घरून परवानगी मिळणे शक्य नव्हते. तो प्रश्न आत्याने सोडवला. आत्या पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत दिली आहे. तिने आयुष्यभर सावित्री पाहिली, पण ती समुद्राला कोठे मिळते हे काही पाहिले नव्हते. "चल, मी येते तुझ्यासंगं," एवढेच ती म्हणाली.

महाबळेश्वर सुमारे ४,५०० फूट उंच आहे. तेथून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट इंग्रजांनी १८७६ मध्ये पुरा केला. मुंबईच्या एका गव्हर्नरवरून त्याला फिट्झगेराल्ड घाट असे नाव दिले होते. गाडीतून उतरताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महाबळेश्वरावरून आपण थेट कोकणात उतरत नाही. प्रथम कोयनेच्या खोऱ्यात उतरतो, वाडा कुंभरोशीजवळ पुन्हा धारेवर येतो आणि मग कोकण दिसू लागते. या पाणलोटाच्या धारेवर प्रतापगड उभा आहे. पायथ्याशी पार हे गाव. तेथून जुना पार घाट खाली कोकणात जात असे.

आता जावळीचे प्रकरण आठवावे. शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये जावळी मोऱ्यांकडून घेतली आणि लागलीच प्रतापगड बांधवला. पाठ्यपुस्तकात हे वाचताना मला नेहमी वाटे की, एवढ्या रानासाठी हा आटापिटा कशाला? जावळीत ना सुपीक जमीन, ना मोठे शहर. खिडकीतून पाहताना उत्तर मिळते. देशावरचे धान्य, गूळ, मिरची खाली जायची आणि कोकणचे मीठ, मासळी, नारळ वर यायचे, ते या घाटवाटांनी. ज्याच्या हाती घाट त्याच्या हाती जकात, आणि सैन्याच्या ये-जा करण्याची किल्लीही त्याच्याच हाती. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखान येथे मारला गेला. त्याची छावणी पारजवळच होती. एवढी मोठी फौज या दाट जंगलाच्या तोंडाशी आणून ठेवणे हाच अर्धा विजय होता.

घाटाने माल वाहिला असे आपण लिहितो. पण घाट काही वाहत नाही. बैल वाहतात आणि माणसे वाहतात. माझे आजोबा कोयनेच्या खोऱ्यातले. डोक्यावर चुंबळ ठेवून ते नाचणी नि मध घेऊन पायवाटेने पोलादपूरला उतरत आणि मीठ, सुकट घेऊन दुसऱ्या दिवशी वर चढत. हे मला आत्याने त्याच घाटात गाडी वळण घेत असताना सांगितले. लहानपणी दोनदा तीही त्यांच्याबरोबर चालली होती. माझे वडील नव्या मुंबईच्या बाजारात माथाडी आहेत. चुंबळीच्या जागी आता खांद्यावर पोते असते, एवढाच फरक. घरात इतिहासाचे पुस्तक उघडणारी मी पहिली. त्या पुस्तकात घाट आहे, किल्ला आहे, पण चुंबळ कोठे आढळली नाही.

पोलादपूर मागे टाकून आम्ही महाडला उतरलो. महाड हे आज हमरस्त्यावरचे शहर वाटते, परंतु मुळात ते बंदर होय. समुद्राची भरती खाडीतून येथवर पाणी रेटते. गलबते भरतीबरोबर वर येत आणि ओहोटीबरोबर खाली जात. वल्ह्यांचे निम्मे काम चंद्रच करी म्हणायचा. जेथे भरती संपते तेथे बंदर, आणि जेथे बंदर संपते तेथे घाटवाट सुरू! गावाबाहेर गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत, त्यावरून ही वाट किती जुनी याचा अंदाज येतो. रायगडही याच खोऱ्यातला. काळ आणि गांधारी या नद्या त्याला वेढा घालून सावित्रीकडे येतात. १६७४ चा राज्याभिषेक ज्या गडावर झाला त्याच्या मागे सह्याद्री आहे आणि पुढे अर्ध्या दिवसाच्या चालीवर खाडी. राजधानीसाठी याहून चांगली जागा कोणती? रायगडावर पुष्कळांनी लिहिले आहे, म्हणून येथे थांबत नाही. पाचाडला जिजाबाईंच्या समाधीपाशी मात्र थोडे बसावे.

महाडात मला अधिक वेळ काढायचा होता तो चवदार तळ्यावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे पाणी प्राशन केले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरातील दुसऱ्या परिषदेसाठी ते कोणत्या मार्गाने आले, हे फारसे कोणी सांगत नाही. धरमतरवरून मोटारीने येण्याचा नेहमीचा मार्ग होता, पण मोटारवाले अडवणूक करतील असा रंग होता. म्हणून दोनशेच्या आसपास प्रतिनिधींसह ते 'पद्मावती' बोटीने मुंबईहून निघाले, बाणकोटच्या खाडीत शिरून दासगाव बंदरी उतरले आणि तेथून पाच मैल पायी महाडला आले. तो दिवस २५ डिसेंबर १९२७. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा खटला पुढे दहा वर्षे चालला व मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल सत्याग्रहींच्या बाजूने लागला. आम्ही रिक्षाने दासगावला गेलो. खाडी आता गाळाने भरत आली आहे. रस्ता ज्यांना नाकारला गेला त्यांना या पाण्याने आत आणले होते.

पण या पाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर लेख खोटा ठरेल. उंचावरून एवढ्या थोडक्या अंतरात खाली येणाऱ्या नदीला पाऊस पसरवायला जागाच मिळत नाही. २२ जुलै २०२१ च्या सुमारास महाबळेश्वरी चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. पुण्याला सबंध वर्षात सातशेच्या आसपास पडतो. खाली खाडीत भरती असली की पुराला वाट मिळत नाही आणि ते पाणी महाडच्या घरांत उभे राहते. वर डोंगरात काळ्या खडकावरचा मातीचा थर पाणी पिऊन जड होतो व एके क्षणी घसरतो. त्या दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. २००५ च्या जुलैत जुई व दासगाव येथे हेच झाले होते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना इंग्रजी पूल कोसळून दोन एस.टी. गाड्या वाहून गेल्या.

आत्याच्या वाडीत तेव्हापासून जोराच्या पावसात रात्री शाळेत झोपायला जातात. वाडी खाली हलवावी की नाही, यावर तिच्या घरात दोन तट आहेत. मुलगा म्हणतो हलूया; मामंजी म्हणतात, शेत वर आणि घर खाली, रोज चढायचे कोणी? मी भूगोलाच्या तासाला शिकलेली खडकाची झीज तिला समजावून सांगू लागले. ती शांतपणे म्हणाली, "पोरी, दरड कशी येती ते मला ठावं हाय. जायचं कुठं ते सांग." त्यावर माझ्यापाशी बोलण्यासारखे काही नव्हते.

चौथ्या दिवशी म्हाप्रळमार्गे मंडणगड आणि तेथून बाणकोट. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच मंडणगड तालुक्यात आहे. वाटेत जमिनीचा रंग पालटतो. काळा खडक मागे पडून तांबडा जांभा लागतो. बाणकोटचा किल्लाही जांभ्याचाच, भोवती कोरडा खंदक. १७५५ च्या सुमारास तो इंग्रजांच्या हाती गेला व त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया झाले. पलीकडच्या तीरावर हरिहरेश्वर दिसते आणि अलीकडे वेळास, नाना फडणवीसांचे मूळ गाव.

नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे. १८५३ मध्ये येथे आर्थर मॅलेट या इंग्रज अधिकाऱ्याची पत्नी सोफिया आणि तान्ही मुलगी बोट उलटून बुडाल्या. महाबळेश्वरच्या ज्या कड्यावरून सावित्रीचे खोरे दिसते त्या आर्थर सीटला याच मॅलेटचे नाव पडले असे सांगतात. बोटीवरचे खलाशीही त्यांच्याबरोबर गेले. मी हे सांगितले तेव्हा आत्याने विचारले, "त्यांची नावं?" मी काय सांगणार?

ती बुरुजावर बराच वेळ उभी होती. ओहोटी लागली होती आणि तो दांडा हळूहळू उघडा पडत होता.

"आमच्या शेताची माती हितं येऊन बसली म्हणायची," ती म्हणाली.

मग आम्ही वेसवीला आलो, फेरीबोटीने पलीकडे बागमांडल्यास उतरलो आणि श्रीवर्धनच्या गाडीची वाट पाहत बसलो.