इंग्रजीचे पहिले धडे आणि ओळखीची गोष्ट

महाराष्ट्रातील मराठी शाळांत पूर्वी पाचवीपासून शिकविले जाणारे इंग्रजी २००० साली पहिलीपासून सुरू झाले. सहा वर्षांच्या मुलास व्याकरणाचे नियम सांगणे व्यर्थ होय. म्हणून गोष्टीचा मार्ग सुचविला जातो. परंतु गोष्ट कोणती, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. परदेशी चित्रपुस्तकातील नवी गोष्ट घेतल्यास मुलास कथानक आणि भाषा अशी दोन ओझी एकदम वाहावी लागतात. ज्या गोष्टीचा अर्थ त्याला आधीच ठाऊक आहे, तीच येथे अधिक उपयोगी पडते.

चिऊ-काऊची गोष्ट पाहावी. पावसात घर वाहून गेलेला कावळा दार ठोठावतो आणि चिमणी दर वेळी नवे काम पुढे करते. मराठी चिमणी 'न्हाऊ घालते', 'अंग पुसते' असे म्हणते. चालू असलेल्या क्रियेसही मराठीत साधा वर्तमानकाळ चालतो. इंग्रजीस तो येथे चालत नाही. 'वेट, आय अ‍ॅम वॉशिंग माय बेबी' असेच म्हणावे लागते. शिवाय कर्म क्रियापदाच्या मागून येते. मराठी मूल नेमके येथेच 'आय वॉश' म्हणून अडखळते. गोष्टीत हा साचा पाच-सहा वेळा येतो, केवळ क्रियापद बदलते, आणि तिसऱ्या खेपेस मुले शिक्षकाच्या आधीच वाक्य उच्चारू लागतात. (तीट लावण्यास इंग्रजी शब्द शोधीत बसू नये, तेवढे काम चिमणीने गाळले तरी चालेल.)

हा लाभ बहुधा एका सवयीमुळे नष्ट होतो: प्रत्येक इंग्रजी वाक्यामागोमाग शिक्षक त्याचे मराठी भाषांतर सांगतो. मग मुलाचा कान मराठी वाक्याचीच वाट पाहतो आणि इंग्रजी वाक्य हा नुसता अडथळा ठरतो. अर्थ आधीच ठाऊक असताना भाषांतराचे प्रयोजनच काय? बाकावर टकटक केली तरी दार कळते.

अर्थात ही गोष्ट सर्वांच्याच ओळखीची असेल असे नाही. ज्यांच्या घरी गोंडी, कोरकू किंवा पावरी बोलली जाते, त्या मुलांपुढे घरच्या भाषेतील एखादी पुनरावृत्तीची कथा घ्यावी. ती न मिळाल्यास चिऊ-काऊ आधी त्यांच्या भाषेत सांगावी.

दुसऱ्या दिवशी मुलांनाच चिमणी होऊ द्यावे. कोणी 'अ‍ॅम' गाळून 'आय वॉशिंग' म्हणेल. तेथे खेळ थांबवू नये. कावळा झालेल्या शिक्षकाने 'ओ, यू आर वॉशिंग युअर बेबी!' असे म्हणून पुन्हा दार ठोठावावे.